पातेरा

आमच्या गावच्या घरात माजघरातल्या तुळईवर ‘शके १८१९’ असं कोरलेलं आहे. म्हणजे इसवी सन १८९७. पुण्यात प्लेगनं माणसं मरत होती आणि इकडे राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत आमचे खापरपणजोबा घर बांधत होते. जांभ्या दगडाचं जोतं, मातीच्या जाड भिंती, फणसाचे खांब, किंजळीचे वासे, वर आधी नळ्याची कौलं आणि पुढे कधीतरी मंगलोरी. ओटी, पडवी, माजघर, बाळंतिणीची खोली, माळा. कुठल्याही सरकारी यादीत हे घर नाही. इथे कोणी पुढारी जन्मला नाही की कोणी कवी राहिला नाही. रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थान आहे, मालगुंडला केशवसुतांचं घर आहे. तिथे पाटी आहे आणि माणसं चपला काढून आत जातात. आमच्या घराच्या नावावर इतिहास काय, तर ते सव्वाशे वर्षं उभं आहे आणि भोवतालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत. त्यातलं एक माझं, २००५ च्या कायद्यानंतर लागलेलं. नाव लागलं तेव्हा काकांनी पेढा दिला होता आणि म्हणाले होते, “आता शाकारणीचा खर्चही ये बरं का वाट्याला.”

खर्च आला. पण कौलांच्या आधी आली आग.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारी संपत आला असताना भर दुपारी आप्पांचा फोन आला. आप्पा आमच्या वाडीतले. घराची किल्ली त्यांच्याकडे असते. चार-आठ दिवसांनी दार उघडून हवा खेळवतात, देवापुढे दिवा लावतात. फोनवर ते आधी पावसाचं, मग आंब्याचं आणि शेवटी कामाचं बोलतात. त्या दिवशी थेट म्हणाले, “बाय, सड्याला आग लागलीय. खाली उतरतेय.” सडा म्हणजे घराच्या वरच्या अंगाचं कातळाचं पठार. एवढं बोलून त्यांनी फोन तसाच खिशात टाकला, बंद करायचं विसरून. मी ठाण्यात, ऑफिसच्या जिन्यात उभी राहून पुढची नऊ मिनिटं ऐकत होते. धापा. कोणाला तरी हाका. ओल्या डहाळ्या जमिनीवर झोडपल्याचे आवाज. आणि त्या सगळ्यामागे सलग चाललेली तडतड. मग फोन कटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तेव्हा घर उभं होतं. गोठा नव्हता. गोठ्यात गुरं नव्हतीच, शेवटचा बैल काकांच्या हयातीतच विकला होता. पण थोडा जुना पेंढा होता, नांगर होता, आणि कधीतरी दुरुस्त करू म्हणून ठेवलेली माजघराची मूळची दारं होती. ती गेली. घराच्या मागच्या पडवीचे दोन वासे टोकाला काळे पडले होते. आप्पा आणि वाडीतल्या दोन पोरांनी शिडी लावून तिथे कळशीनं पाणी मारलं होतं. विहिरीवरचा पंप वीज नसल्यामुळे बंद होता. वणवा लागला की वीज जातेच.

मला कळेना ती गोष्ट वेगळीच. सडा आणि घर यांच्यामध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, छातीएवढा. आग त्या गडग्यापर्यंत आली आणि थांबली. अलीकडे, म्हणजे घराच्या बाजूला, जमिनीवर एक काडी जळलेली नव्हती. मी पुन्हा पुन्हा फिरून बघितलं. “मग वासे कसे पेटले?”

“वरून,” आप्पा म्हणाले. “ठिणगी आली ती वळचणीत शिरली. तिथं पातेरा होता.”

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपण म्हणतो. ठिणगीला ही म्हण कोणी सांगितलेली नाही.

पातेरा म्हणजे झाडाखाली साचलेला सुका पाला. देशावरच्या मंडळींना हा शब्द कदाचित नवा असेल. आमच्याकडे तो इतका रोजचा की त्यात लक्ष देण्यासारखं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी मी शिडीवर चढून वळचणीत हात घातला आणि काय काय निघालं: आंब्याफणसाची पानं, चिमणीचं घरटं, उंदराने कुरतडून गोळा केलेला सोडणाचा काथ्या, मूठ नसलेला कोयता, दोन केरसुण्या, आणि आजीने कधीतरी वाशात खोचून ठेवलेली, तिच्यामागे पंधरा वर्षं तशीच राहिलेली तुळशीच्या काड्यांची जुडी. चूल पेटवायला याहून चांगला ऐवज मिळायचा नाही.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की याच कोड्याने अमेरिकेतल्या वनखात्याचे एक शास्त्रज्ञ, जॅक कोहेन, आयुष्यभर झपाटलेले होते. जंगल जळतं, घर जळून राख होतं, आणि दोन्हींच्या मधली झाडं मात्र हिरवी राहतात, हे कसं? त्यांनी कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात मुद्दाम लावलेल्या मोठ्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून बघितलं. निष्कर्ष असा की धडाडणारं जंगलही तीस-चाळीस मीटरवरून नुसत्या आचेने लाकडी भिंत पेटवू शकत नाही. घर जळतं ते वाऱ्याबरोबर उडत आलेल्या निखाऱ्यांनी, आणि घराच्या पायाशी साचलेल्या किरकोळ कचऱ्याने. म्हणून घर वाचवायचं तर आधी घर बघा, मग भोवतालचे शंभर फूट बघा; डोंगर नंतर. आप्पांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं, पण मी शहरातली असल्यामुळे मला ते कॅनडामार्गे पटलं.

आजीच्या काळात हा पातेरा वळचणीत राहिला असता का, याचा विचार करायला लागले आणि हळूहळू सगळं घर वेगळंच दिसायला लागलं.

आजीच्या काळात पातेऱ्याला किंमत होती. गुरांच्या खाली अंथरायला तो लागायचा. तोच शेणामुताबरोबर खत होऊन शेतात जायचा. उन्हाळ्यात भाजावळ करताना दाढाच्या, म्हणजे भाताची रोपं वाढवायच्या, जागेवर शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), पातेरा आणि वर मातीचा थर देऊन ते भाजायचं, मग पावसाच्या तोंडावर तिथे भाताचा दाढ टाकायचा. त्यामुळे जानेवारी उजाडला की बायका टोपल्या घेऊन रानात. आमच्या मोठ्या आत्याला अजून आठवतं, शेजारच्या घरातल्या बाईने आमच्या फणसाखालचा पातेरा झाडून नेला म्हणून आजी आठ दिवस तिच्याशी बोलत नव्हती. सुक्या पाल्यावरून भांडण! आत्या हे सांगताना हसते, पण त्या भांडणाचा अर्थ असा की घराभोवती झाडाखालची जमीन लखलखीत असायची आणि ती कोणी आगीच्या भीतीने झाडत नव्हतं.

बाकीचंही तसंच. दिवाळीनंतर सड्यावरचं गवत कापून उडव्या रचल्या जायच्या, म्हणजे वणव्याच्या दिवसांत सड्यावर जळायला खुंटांपलीकडे काही उरायचं नाही. उडव्या मात्र घरापासून लांब, कारण उडवी पेटली तर काय होतं हे सगळ्यांना ठाऊक. पाऊस संपला की घरापुढचं खळं नव्याने करायचं: माती टाकून, चोपून, शेणाने सारवून. त्यावर भात झोडायचं, पापड वाळवायचे, लग्नाचा मांडव घालायचा. घरासमोर चाळीस-पन्नास फूट गवताची काडी नसलेली टणक जमीन. मागे न्हाणीचं पाणी वाहत जायचं ते केळीला आणि अळवाला. तो पट्टा बारा महिने ओला. झाडांच्या खालच्या फांद्या चुलीसाठी तोडलेल्या. मे महिन्यात शाकारणी, म्हणजे प्रत्येक कौल हाताखालून जायचं, खालचा कचरा निघायचा, घरटी निघायची, वळचण रिकामी व्हायची.

यातल्या एकाही कामाला कोणी ‘घराचं आगीपासून संरक्षण’ म्हटलं नाही. नाव नव्हतं म्हणून ते बंद पडताना कोणाच्या लक्षातही आलं नाही. बैल गेला, पेंढा पडून राहिला. गॅस आला, सुकी लाकडं रानातच पडली. भात बंद झालं, खळं नको झालं; तिथे आता आमच्या चुलतभावाने हौसेने लावलेली लॉन म्हणवणारी एक गोष्ट आहे, जी फेब्रुवारीत पिवळी पडते. आणि पड जमिनीवर रानमोडी आली. रानमोडी मूळची अमेरिकेतली. पावसाळ्यात माणसाच्या डोक्यावर जाते, पांढऱ्या-जांभळट फुलांचे झुपके आले की दिसायला वाईट नाही, गुरं तोंड लावत नाहीत, आणि शिमग्याच्या सुमारास तिच्या काड्या अशा वाळतात की काडेपेटीची गरज नुसती नावाला. गडग्यापलीकडे ती होती. गडग्याच्या अलीकडेही येत होती.

हे फक्त आमच्याच वाडीचं रडगाणं असेल असं मला वाटत होतं. मग ८ ऑगस्ट २०२३ आला. हवाईच्या माऊई बेटावरचं लहायना हे गाव एका दिवसात जळालं. शंभरावर माणसं गेली. एकेकाळी ती हवाईच्या राजांची राजधानी. १८३०च्या दशकातली घरं तिथे होती, जपलेली, पाट्या लावलेली. ती गेली. आग कुठून आली? गावाच्या वरच्या उतारावर पूर्वी उसाचे मळे होते. तिथला साखर कारखाना १९९९ साली बंद पडला, मळे पडीक झाले आणि बाहेरून आलेलं गवत माजलं. तुटलेली वीजतार, सुसाट वारा आणि ते गवत. म्हणजे पाट्या जपल्या गेल्या, पण वरच्या जमिनीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी ती बातमी वाचली आणि ऊस हा शब्द खोडून भात लिहिला, की बाकी सगळं ओळखीचं होतं. फक्त आमच्याकडे मेलेली माणसं मोजावी लागत नाहीत, कारण घरांत माणसंच नाहीत.

त्या राखेच्या मैदानात लाल छपराचं एक लाकडी घर मात्र शाबूत उभं होतं, साधारण शंभर वर्षांचं. त्याचं छायाचित्र जगभर फिरलं. लोक चमत्कार म्हणाले. घरमालकांनी जुनं छप्पर काढून जाड पत्रा घातला होता आणि भिंतींना लागून असलेली झाडोरी काढून, छपराचं पाणी पडतं तिथपर्यंत भोवती दगड पसरले होते. कशासाठी? वाळवी लागू नये म्हणून. आगीचा विचार त्यांच्या डोक्यातही नव्हता.

छपराचं पाणी पडतं तिथपर्यंत दगड. हे वाचून मी पुस्तकातून मान वर काढावी तशी मोबाईलमधून वर काढली. आमच्या घराभोवती पागोळी पडते तिथे चारी बाजूंनी जांभ्याच्या चिऱ्यांची रांग आहे! पावसाच्या धारेने माती उडून भिंतीवर येऊ नये आणि जोत्याला वाळवी चढू नये म्हणून शके १८१९ मध्ये बसवलेली. गेली दहा वर्षं ती पातेऱ्याखाली आणि माझ्या काकूने लावलेल्या शोभेच्या पामच्या कुंड्यांखाली दडली होती.

यानंतर कुटुंबाच्या ग्रुपवर जे झालं ते सविस्तर सांगण्यासारखं नाही, तरी थोडं सांगते. कॅलिफोर्नियातल्या आतेभावाने लगेच व्हिडिओ टाकला: २०२१ साली तिथल्या वणव्यात जनरल शर्मन नावाच्या महावृक्षाच्या बुंध्याला चांदीसारखं चकाकणारं आग-रोधक कापड गुंडाळलं होतं, आपल्यालाही घराला ते गुंडाळता येईल. पुण्यातल्या चुलतभावाने छपरावर तुषार सिंचन सुचवलं. पाणी कुठून, या प्रश्नावर अंगठा आला. एका काकूंनी विचारलं, देवस्थानात गाऱ्हाणं घातलंय का? (घातलं होतं, आप्पांनी आधीच.) पण त्याच आतेभावाने एक खरी कामाची गोष्ट सांगितली. त्याच्या राज्यात आता नियमच होतोय की वणव्याच्या पट्ट्यातल्या घराच्या भिंतीपासून पाच फुटांत पेटेल असं काही नको. ना झुडूप, ना लाकडाचा ढीग, ना सुका पाला. त्याने स्वतः स्वयंपाकघराच्या खिडकीखालची मोगऱ्याची वेल काढली म्हणे, आणि बायको महिनाभर नाराज होती. पाच फूट. मी आमच्या पागोळीचं अंतर मोजलं. कुठे साडेतीन, कुठे चार. फारसा फरक नाही.

मग आला जेसीबी. म्हणजे प्रस्ताव आला. “दोन तासांत मैदान करून देतो, दरवर्षीची कटकटच नको.” तेवीसपैकी सोळा जणांना हे पटलं. मला अजिबात नाही. शेजारच्या वाडीत एकाने दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं. रानमोडी काढायची म्हणून उतार खरवडला. पहिल्याच पावसात लाल माती वाहून खालच्या विहिरीत गेली, खाली जाणारी जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, उखडली, आणि दिवाळीपर्यंत त्या उघड्या मातीवर सगळ्यात आधी काय उगवलं? रानमोडी. सड्यांचं दुःख तर आणखी मोठं. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर कातळात कोरलेली हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, कुडोपी. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ती उभी नसतात, जमिनीलगत आडवी असतात. यंत्र चालवणाऱ्या पोराला वरून फक्त काळा कातळ दिसतो. आमच्या सड्यावर तसं काही असेलच असं नाही, पण नसल्याचं यंत्र घातल्यावर कळून काय उपयोग? जुनं घर वाचवायला निघालेल्या माणसाने त्याच्याहून कितीतरी जुनं काहीतरी खरवडून टाकायचं, हे मला पाप वाटतं. दुसरा शब्द सुचत नाही.

म्हणून बेणणी. हाताने. दोन बायका, दोन गडी, एक ग्रासकटरवाला. रानमोडी फुलण्याआधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच उपटायची, मुळासकट. जिथे मूळ सुटत नाही तिथे बुडापासून तोडायची. गवत कापायचं पण मुळं राहू द्यायची, माती धरून ठेवायला. करवंदाच्या जाळ्या घराजवळच्या काढायच्या, लांबच्या ठेवायच्या. काजूच्या जमिनीला टेकलेल्या फांद्या डोक्याच्या उंचीपर्यंत छाटायच्या, म्हणजे खालची आग शेंड्याला चढत नाही. सगळं रान गुळगुळीत करायचं नाही हे मजुरांना पटवायला मला अर्धा दिवस लागला, कारण शहरातून आलेल्या मालकिणीला ‘साफ’ म्हणजे काय हवं असतं याची त्यांना सवय झालेली. “बाय, तुम्हाला हॉटेल नाय ना काढायचं?” असं एकीने विचारून खात्री करून घेतली.

घरामागे कलता झालेला फणस हा सगळ्यात अवघड विषय. त्याची एक फांदी बरोबर मागच्या पाख्यावर येते आणि सगळा पातेरा त्या कौलांवर गळतो. मोठ्या झाडाला हात लावायचा तर १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस आहे, आंबा आहे, ऐन-किंजळ आहेत, परवानगी लागते. पण कायद्याच्या आधी आत्या. आत्या चौऱ्याऐंशीची. तिचं म्हणणं, त्या फांदीवर तिचा झोपाळा होता. मी म्हटलं, अगं फांदी राहिली तर घर जाईल. ती म्हणाली, “घर जाईल तेव्हा जाईल, फांदी तर उद्याच जाईल.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. फांदी तशीच आहे. त्याऐवजी आप्पांचा नातू डिसेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी कौलांवर चढून पाला उतरवतो आणि त्याचे पैसे मी एकटी देते. ग्रुपला सांगितलेलं नाही.

जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे येऊ नये म्हणून आधीच जाळून ठेवायचा पट्टा, मात्र आम्ही २६ जानेवारीला काढतो. सुटी असते एवढंच कारण. योगायोग असा की जपानमध्ये हाच दिवस जुन्या वास्तूंच्या अग्निसुरक्षेचा म्हणून पाळतात. २६ जानेवारी १९४९ला नारा भागातल्या होर्यूजी या प्राचीन बौद्ध मंदिराच्या मुख्य दालनाला आग लागली आणि तिथली भित्तिचित्रं करपली. पुढच्याच वर्षी त्यांनी सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला. त्यांच्या शिराकावा-गो गावात गवताच्या उंच छपरांची घरं आहेत, आणि वर्षातून एकदा सगळं गाव पाण्याच्या तोफांची चाचणी घेतं. सगळ्या घरांवर एकदम कारंजी उडतात. आमच्याकडे कारंजी नाहीत. तीन कळश्या, एक फवारणीचा पंप, आणि निरगुडीच्या ओल्या डहाळ्या.

हे काम काका करायचे तेव्हा मी लहान होते आणि मला ते फक्त जाळपोळीची मजा वाटायची. आता आप्पांबरोबर केलं तेव्हा त्यातलं डोकं कळलं. पहाटे दव असताना सुरुवात. गडग्यापलीकडे वीस फुटांचा पट्टा. त्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कडा आदल्या दिवशी हातभर रुंद, मातीपर्यंत साफ केलेल्या. सकाळी पूर्वेकडून मतलई वारा असतो, तो आग सड्याकडे, चढावर ढकलतो. आणि चढावर आग धावते. जाणकारांचा ठोकताळा असा की चढ दहा अंशांनी वाढला की वेग दुपटीवर जातो. म्हणून खालून पेटवायचं नाही. वरच्या कडेला काडी लावायची. तिथे आगीला वर जायला गवत नाही, आणि खाली यायचं तर वाऱ्याच्या आणि उताराच्या विरुद्ध, म्हणजे रांगत. एक-दोन हात काळं झालं की पुढचं. प्रत्येक दहा पावलांवर एक माणूस डहाळी घेऊन. कोणी बोलत नाही. दवात भिजलेलं गवत आधी पांढरा दाट धूर सोडतं, मग बुडाशी केशरी रेघ दिसते, बोटाएवढी उंच, आणि ती इतक्या सावकाश खाली सरकते की तिच्या पुढून पळणारे नाकतोडे थांबून थांबून पळतात. साडेनवाच्या सुमारास वारा पडतो. मतलई संपलेला, समुद्रावरचा खारा अजून सुटलेला नाही. आप्पा तेवढ्या अर्ध्या तासात तोंड धुऊन चहा घेतात आणि दहाच्या आत सगळं विझवून, हात लावून बघून, घरी. अकरानंतर खारा वारा सुटतो. तो वारा म्हणजे त्या फेब्रुवारीतली दुपार.

भाजावळ करणाऱ्या माणसांना आग कशी वळवायची हे अंगवळणी होतं. आग लावणारी आणि आगीपासून वाचवणारी माणसं एकच होती. मला वाटतं, ‘समाजकंटकांनी वणवा लावला’ असं पेपरात छापून येतं तेव्हा आपण या गोष्टीकडे डोळेझाक करतो. कोणी नवं गवत फुटावं म्हणून लावतो, कोणी काजूची जागा साफ करायला, कोणी शिकारीला, कोणी विडी टाकतो, कधी तारांची ठिणगी पडते. पूर्वीही लावत. फरक असा की पूर्वी एका माणसाने लावलेली आग दुसऱ्याच्या कापलेल्या सड्यावर जाऊन मरायची. आता मधे कोणी नाही. २०२३च्या मार्चमध्ये गोव्यात म्हादईच्या अभयारण्यात दिवसेंदिवस आगी पेटत राहिल्या, तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी घेऊन आली होती. ते अभयारण्य होतं. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन अगदी थोडी. डोंगर म्हणजे माझ्यासारख्या, ठाण्या-मुंबईत बसलेल्या हिस्सेदारांच्या मालकीचे. उपग्रहाला आमची आग दिसत असेलही, पण खाली ती विझवायला जायचं कोणी? आप्पा एकाहत्तर वर्षांचे आहेत.

यंदाची जाळरेषा चांगली झाली. खळ्यावरचं लॉन काढून पुन्हा माती चोपली, निदान निम्म्या खळ्यावर. पागोळीचे चिरे उघडे केले. दोन जागचे गायब होते, तिथे गोठ्याच्या पडक्या जोत्यातले बसवले. काकूच्या कुंड्या विहिरीजवळ गेल्या.

राहिली ती दक्षिणेची बाजू. तिथे गडग्यापलीकडे दुसऱ्यांची जमीन आहे आणि त्यात गडग्याला टेकून पुरुषभर रानमोडी. दुसऱ्याच्या हद्दीत कोयता घालायचा नाही, हा नियम आमच्याकडे भारतीय राज्यघटनेपेक्षा जुना आहे. मालक शोधायला चार महिने लागले. तिथेही सातबाऱ्यावर पंधरा नावं. एक नालासोपाऱ्यात, एक बडोद्यात, दोघांचा पत्ता नाही. शेवटी नालासोपाऱ्याच्या गृहस्थांनी फोन उचलला. माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकलं. ठिणग्या, वळचण, पाच फूट, हवाई बेट. मग म्हणाले, “कापा रानमोडी, आमची ना नाही. पण उद्या काही राहायला नको. आमची झाडं मोजून फोटोसकट पाठवा.”

मी आणि आप्पांचा नातू खडू घेऊन त्या रानात शिरलो. प्रत्येक खोडावर आकडा टाकला. काजू बत्तीस, रायवळ आंबे चार, एक कोकम, एक मेलेला ऐन. संध्याकाळी फोटो पाठवले. रात्री उशिरा उत्तर आलं: “काजू तेहतीस होते.”

तेहतिसावा सकाळी सापडला. गडग्याचे चिरे जिथे ढासळलेत तिथेच तो उभा होता, बुंधा त्यांच्या बाजूला आणि सगळ्या फांद्या आमच्याकडे. त्याच्या बिया आम्ही वर्षानुवर्षं आमच्या म्हणून गोळा करत आलो होतो. मी त्याच्यावर ३३ लिहिलं आणि फोटो काढला.